सुतकातली माळ

संताजी पितो हे आमच्या गल्लीत कुणी कुणाला सांगत नसे, कारण ते सगळ्यांना दिसतच असे. कारखाना सुटला की मोपेडवर बसून जायचा आणि परत येताना तीच मोपेड हातात धरून, तिच्याच आधारानं पाय टाकत यायचा. फाटकाशी पोचला की थांबून शर्ट नीट खोचायचा. खोचता यायचा नाही, पण खोचायचा. तेवढी लाज त्याच्यात शिल्लक होती, आणि मला विचाराल तर त्या लाजेनंच त्याला जास्त प्यायला लावलं. सकाळी शुद्धीवर आला की कुणाच्या नजरेला नजर द्यायचा नाही, आणि संध्याकाळी ते ओझं उतरवायला पुन्हा तिकडेच.

आम्ही एकाच घरातले भाडेकरू. इकडे तमिळ मुलखात, अंबत्तूरमध्ये, व्यासराजांचं दुमजली घर आहे. खाली पुढच्या बाजूला ते स्वतः, मागच्या दोन खोल्यांत संताजी, त्याची बायको क्षमा आणि मुलगी ऊर्मी, आणि वरच्या मजल्यावर मी न् आमचे यजमान. यजमान रेल्वेचे डबे बनवतात, मी केंद्र सरकारच्या शाळेत विज्ञान शिकवते. व्यासराज पोस्टातून निवृत्त झालेले, तंजावरचे मराठी. त्यांच्या पूर्वजांनी महाराष्ट्र सोडला त्याला शेकडो वर्षं झाली, पण मराठी त्यांनी जपून ठेवली. 'विचारलं' न म्हणता 'पुसलं' म्हणतात, मधूनच तमिळ घालतात आणि लहानथोर सगळ्यांना 'अप्पा' म्हणतात. संताजीला त्यांची मराठी ऐकून सुरुवातीला हसू यायचं. पुढे हसण्यासारखं त्याच्याकडेच पुष्कळ झालं, मग त्यानं दुसऱ्याला हसणं सोडलं.

माणूस वाईट नव्हता हो. मिरजेकडचा. वडील लहानपणीच गेले, चुलत्यांनी, म्हणजे आबांनी, त्याला स्वतःच्या मुलाबरोबर वाढवला, आयटीआयला घातला, आणि इथल्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गिअरच्या कारखान्यात नोकरी लागली तेव्हा पोचवायलाही आले होते. लेथवर त्याचा हात चांगला होता. पण हात थरथरायला लागला की चांगलेपणाला कोण विचारतो? कारखान्यानं त्याला दोनदा समुपदेशनाला पाठवलं. मी माझ्या परीनं यकृताचं चित्र काढून दाखवलं, दहावीच्या वर्गाला दाखवते तेच. ते त्यानं फार मन लावून पाहिलं, "वहिनी, चित्र सुरेख काढता तुम्ही," म्हणाला आणि गेला प्यायला. सरकारचं तर बोलायलाच नको. इकडे दारूचं दुकान सरकारचं, आणि बाटलीवर दारू वाईट असं छापणारंही सरकारच.

दोन हजार सहा साली आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात व्हायचं ते झालं. ऊर्मी तेव्हा नववीत, माझ्याच वर्गात. तिचा नाच होता. बापानं येऊ नये म्हणून तिनं आणि क्षमानं घरात तारीखच बोलून दाखवली नव्हती, पण ती त्याला कळली आणि तो आला. इस्त्रीचा शर्ट घालून, पिऊन. मागच्या रांगेत बसायला गेला तो खुर्च्यांसकट खाली. सगळं सभागृह वळून बघायला लागलं. नाच संपल्यावर मैत्रिणींनी ऊर्मीला तमिळमध्ये विचारलं, तो कोण गं? ती पटकन म्हणाली, आमच्या घरमालकांचा ड्रायव्हर आहे. संताजी तिला शाबासकी द्यायला अगदी मागे येऊन उभा होता. मी बघत होते. त्यानं ते ऐकलं, मान हलवली आणि खरोखरच ड्रायव्हरसारखा बाजूला होऊन तिला जायला वाट दिली. त्या दिवसापासून ऊर्मी त्याला 'बाबा' म्हणेना. काहीच म्हणेना. आईला सांगायची, "त्यांना सांग जेवायला वाढलंय."

त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यानं माळ घातली.

अय्यप्पाची माळ म्हणजे काय ते इकडे राहिल्याशिवाय कळत नाही. कार्तिक लागला की शेकडो माणसं गळ्यात माळ घालतात, काळं किंवा निळं वस्त्र नेसतात आणि शबरीमलैला त्याच्या देवळात जाईपर्यंत व्रत पाळतात. दोन्ही वेळा थंड पाण्यानं अंघोळ, जमिनीवर झोप, अनवाणी चालणं, दाढी करणं नाही, मांस नाही, दारू नाही. दरवर्षी जाणारा जुना जाणता माणूस गुरुस्वामी. तो माळ घालतो आणि तोच काढतो. आमच्याकडे व्यासराज गुरुस्वामी. संताजी त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, मला घाला. व्यासराज म्हणाले, "पुसतों ते खरं सांग. झेपेल का, अप्पा?" संताजी म्हणाला, "माहीत नाही." असं खरं बोललास म्हणून घालतो, व्यासराज म्हणाले.

मला हे काही पटलं नव्हतं. मी क्षमाला स्पष्टच सांगितलं, गळ्यात मणी घालून यकृत सुधारत नाही. त्यात त्या व्रताचे बायकांचे नियम. महिन्याच्या त्या दिवसांत क्षमानं घरात राहायचं नाही, म्हणून ती चटई घेऊन वर माझ्याकडे यायची. माझा नुसता तिळपापड व्हायचा. क्षमा म्हणायची, "ताई, चार दिवस वर झोपून जर तो खाली शुद्धीत झोपणार असेल, तर मी वर्षभर वर झोपेन."

आणि माळेनं काम केलं. कसं केलं ते मी लक्ष देऊन बघत होते, कारण मला त्यातली खोट काढायची होती. देवाला तो किती भ्यायचा मला ठाऊक नाही. पण माळ घातलेल्या माणसाला सगळे 'स्वामी' म्हणतात. म्हणावंच लागतं. कालपर्यंत ज्याला पेपरवाला 'ए' म्हणून हाक मारत होता, त्याला बसचा कंडक्टर म्हणे, स्वामी, पुढे सरका. त्याचा सुपरवायझर ख्रिश्चन, दर रविवारी चर्चला जाणारा, तोही म्हणे, स्वामी, हा जॉब आज संपवा. अनवाणी लेथवर उभं कसं राहणार हा प्रश्न आला, तेव्हा सुपरवायझर आणि व्यासराज दोघांनी बोलून ठरवलं की यंत्रापुढे कंपनीचे बूट, फाटकाबाहेर अनवाणी. दारूच्या दुकानाच्या रांगेत तर माळवाल्याला लोकच उभं राहू देत नाहीत. जे समुपदेशकाला, कंपनीला, मला आणि माझ्या यकृताला जमलं नाही, ते सगळ्या गावानं मिळून दिवसभर एक शब्द उच्चारून केलं. यातल्या निम्म्यांचा अय्यप्पावर विश्वासही नसेल.

ऊर्मीचंही तसंच झालं. 'बाबा' तिच्या तोंडून निघत नव्हतं, पण 'स्वामी' म्हणायला तिला काही अडचण नव्हती. एका संध्याकाळी जिन्यावरून ऐकलं, "स्वामी, माझ्या सायकलची चेन पडलीय." तो अंगणात बसून चेन लावत होता आणि ती बाजूला उभी राहून शाळेतलं काहीतरी तमिळमध्ये सांगत होती. त्याला निम्मं कळलं नसेल. क्षमा स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती, आणि माझ्याशी नजर भिडल्यावर तिनं लाजून भांडं घासायला घेतलं.

डिसेंबरात क्षमा माझ्याकडे चटईवर असताना मिरजेहून फोन आला. संताजीचा मोबाइल दारूच्या नादात कुठे पडला तो पडलाच होता, त्यामुळे त्यांचे फोन माझ्याकडे येत. त्याचा चुलतभाऊ होता. आबा गेले. सकाळी अंगणात बसले होते, तिथेच गेले. संताजीला सांगा, दहाव्याला तरी पोच म्हणावं.

मी क्षमाला सांगितलं. ती चटईवर उठून बसली. मग म्हणाली, "ताई, सुतक आलं की माळ काढावी लागते."

मला हा नियम माहीत नव्हता. तिला होता, व्यासराजांनी माळ घालताना सांगितला होता. घरात मृत्यू झाला की गुरुस्वामीकडे जायचं, माळ उतरवायची, त्या वर्षीचं जाणं रद्द. मी म्हटलं, मग? ती म्हणाली, "मग काय? आज माळ काढली की आजच संध्याकाळी तो तिथे जाईल. आबा गेल्याचं दुःख आणि गळा मोकळा. तुम्हीच सांगा, जाईल की नाही?"

जाईल, असं मलाही वाटलं. मी तसं म्हटलं नाही, पण तिला ते दिसलं असावं.

तिनं माझ्या फोनवरून मिरजेला फोन केला आणि दिराला सांगितलं की यांना ताप आहे, अंगात उभं राहायची ताकद नाही, येणं होणार नाही. खोटं बोलताना तिचा आवाज इतका सरळ होता की मीच दुसरीकडे बघायला लागले. नंतर तिनं माझ्या न्हाणीघरात जाऊन डोक्यावरून अंघोळ केली. बाहेर येऊन केस पुसले, विंचरले, कुंकू लावलं. आबांनी लग्नात तिला मुलगी म्हणून जवळ घेतलं होतं, हे तिनंच मला पूर्वी कधीतरी सांगितलं होतं. डोळ्यांत टिपूस नाही.

मी तिची समजूत घालायला गेले. म्हटलं, अगं, यात चूक काय आहे? सुतक ही माणसांनीच केलेली गोष्ट. चांगलं चाललंय ते कशाला मोडायचं? तिनं माझ्याकडे नीट बघितलं. "तुम्ही मानत नाही, ताई. तुम्हाला काहीच लागणार नाही. मी मानते. देवाच्या माळेला मी सुतकात ठेवतेय हे मला माहीत आहे." माझी सगळी बुद्धिनिष्ठा एका बाजूला आणि तिचं हे जाणूनबुजून पाप पत्करणं एका बाजूला.

चार दिवस भरल्यावर ती खाली गेली आणि रोज देवापुढे स्वतः लावायची तो दिवा ऊर्मीला लावायला लावू लागली. स्वतः लांब उभी राहायची. संताजी तसाच पहाटे उठून थंड पाणी अंगावर घ्यायचा, कामावर जायचा, संध्याकाळी व्यासराजांच्या ओसरीवर भजनाला बसायचा. तो थोडा वाळला होता आणि कमी बोलत होता. आम्हाला वाटलं, व्रत अंगात मुरलं. क्षमा तर मला म्हणाली की तो परत आला की मी स्वतः सगळं सांगेन, मग मला काय शिक्षा करायची ती करू दे.

निघायच्या दिवशी संध्याकाळी व्यासराजांच्या दिवाणखान्यात इरुमुडी बांधायची होती. इरुमुडी म्हणजे डोक्यावर न्यायची दुकप्पी शिदोरी, एका कप्प्यात देवाचं, एका कप्प्यात आपलं. नारळातलं पाणी काढून त्यात तूप भरतात, आणि घरच्या माणसांनी शिदोरीत तांदूळ घालायचे असतात. बारा-तेरा स्वामी होते, त्यांच्या बायका-मुलं, भजन चाललेलं, बाहेर गाडी उभी. मीही खाली गेले होते. बघायला, असं मी म्हणत होते.

संताजीची पाळी आली. व्यासराजांनी हात पुढे केला, नारळ दे म्हणून. संताजीनं दिला नाही. नारळ दोन्ही हातांत धरून तो तसाच बसून राहिला. भजन हळूहळू थांबलं.

"गुरुस्वामी," तो म्हणाला, "मला येता येणार नाही. मला सुतक आहे."

व्यासराजांना वाटलं, आत्ता काही बातमी आली. त्यांनी विचारलं, कोण गेलं?

"माझे चुलते. बरेच दिवस झाले. गेले त्याच दिवशी गावाकडच्या एकानं कारखान्याच्या गेटवर फोन केला होता, वॉचमननं मशीनवर येऊन निरोप दिला. मी कुणाला बोललो नाही."

कुणीतरी तमिळमध्ये बाकीच्यांना ते सांगितलं, आणि एक-दोन माणसं नकळत मागे सरकली. व्यासराजांचा चेहरा उतरला. "आम्हांस पुसायचं होतं की, अप्पा. रोज आमच्या ओसरीवर बसलास. दिव्याशेजारी बसलास. हे काय केलंस?"

"माळ निघाली असती," संताजी म्हणाला. "निघाली असती तर मी त्याच दिवशी प्यायलो असतो. आबांच्या नावानं प्यायलो असतो. मला माझी खात्री आहे. म्हणून मी आबांना मरू दिलं नाही. ज्या माणसानं मला भाकरी घातली त्याला खांदा दिला नाही, डोकं भादरलं नाही, रडलोसुद्धा नाही. वाटलं, तिथे जाऊन देवालाच सांगू. पण आता नारळात तूप भरायची वेळ आली आणि मला लाज वाटली. एवढ्या सगळ्यांनी मला स्वामी म्हटलं."

मी क्षमाकडे बघितलं. तिला गप्प बसता आलं असतं. तो फोन माझ्याकडे आला होता हे त्या खोलीत फक्त आम्हा दोघींना माहीत होतं. मी तिचा हात धरायला गेले, पण ती उठलीच.

"मलाही माहीत होतं," ती म्हणाली.

संताजीनं वळून बघितलं. त्याला आधी कळलंच नाही. "काय?"

"आबा गेलेले. ताईंकडे फोन आला होता. मीच भाऊजींना सांगितलं तुम्हाला ताप आहे म्हणून."

"तुला माहीत होतं," तो सावकाश म्हणाला. "मग तू रडली कशी नाहीस?"

"रडले असते तर तुम्हाला कळलं असतं."

संताजी तिच्याकडे बघत राहिला, आणि मी त्या माणसाला खुर्च्यांसकट पडलेलं पाहिलंय, पण इतका खाली गेलेला कधी पाहिला नव्हता. "एवढी भीती वाटते तुला माझी?" त्यानं विचारलं. क्षमानं मान खाली घातली आणि 'हो' म्हटलं. अगदी हळू म्हटलं, पण दिवाणखान्यात सगळ्यांना ऐकू गेलं. दाराशी ऊर्मी उभी होती, तिलाही.

व्यासराज उठले. मला वाटलं, आता काहीतरी पळवाट काढतील, देव मोठ्या मनाचा असतो वगैरे म्हणतील. मला ते हवंसुद्धा होतं, मी, जिनं आयुष्यभर अशा बोलण्याची टर उडवली. त्यांनी तसं काही केलं नाही. मंत्र म्हणून संताजीच्या गळ्यातली माळ काढली आणि दुधाच्या वाटीत ठेवली. "पुढच्या कार्तिकातही नाही. वर्ष पुरं होऊ दे," म्हणाले. "त्यानंतर ये. मी घालीन." मग बाकीच्यांचे नारळ भरायला बसले. तूप मात्र सारखं बाहेर सांडत होतं. नियम मोडला असता तर माळेत काय उरलं असतं, हे मला तेव्हा कळलं आणि कळून काहीच बरं वाटलं नाही.

गाडी गेली. 'शरणम् अय्यप्पा' असा घोष करत सगळे गेले, आणि संताजी फाटकापासून लांब, भिंतीला चिकटून उभा राहिला, कुणाला आपला स्पर्श होऊ नये म्हणून. कितीतरी दिवसांनी त्याचा गळा मोकळा दिसत होता. कोपऱ्यावरचं दुकान उघडं होतं. तिथला दिवा आमच्या फाटकातून दिसतो. तो एकदा तिकडे बघायचा आणि एकदा जमिनीकडे.

मग तो माझ्याकडे आला. "वहिनी, एक काम करा. मी आत जातो. बाहेरून कुलूप लावा आणि किल्ली तुमच्याकडे ठेवा. सकाळी उघडा. मी हाका मारल्या तरी उघडू नका."

मी म्हटलं, असं कसं, संताजी? तुम्ही काय जनावर आहात का? तो म्हणाला, "काल नव्हतो. आज माहीत नाही."

क्षमा कुलूप घेऊन बाहेर आली. ते माझ्या हातात दिलं आणि स्वतः परत आत गेली. म्हणाली, मलाही आतच राहू द्या. ऊर्मीला तुमच्याकडे न्या.

मी दार ओढलं आणि कुलूप लावलं. एवढी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की माणसाला देवाची, माळेची, असल्या कशाची गरज नसते, त्याला समज दिली की पुरे. माझ्याकडे तर त्याला द्यायला कुलूप निघालं. किल्ली हातात धरून मी तिथेच उभी राहिले आणि मला माझीच इतकी लाज वाटली की वर जाववेना.

आतून आधी पाण्याचा आवाज आला. डोक्यावरून अंघोळ करत असावेत, आधी एक, मग दुसरं. आणि मग क्षमा रडायला लागली, आबा, आबा म्हणत, गावाकडच्या बायका रडतात तशी मोठ्यानं. तिच्यामागून त्याचा आवाज आला. पुरुषाचं रडणं मी असं कधी ऐकलं नव्हतं.

ऊर्मी माझ्या शेजारी उभी होती. ती दाराकडे बघत म्हणाली, "मावशी, उघडा."

मी म्हटलं, ते उघडू नका म्हणालेत.

"त्यांना बाहेर काढायला नाही. मला आत जायचंय. ते माझे पण आजोबा होते."

मी कुलूप काढलं. ती आत गेली आणि तिनंच आतून दार लोटलं. मी पुन्हा कुलूप लावलं.